नात्यांसाठी समुपदेशक शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा-बायकोच्या आणि जोडप्यांच्या नात्यांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांची भाषा शक्य तिथे विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. घरात मारहाण होत असेल किंवा जिवाची भीती वाटत असेल, तर आधी प्रश्न १० वाचा. बाकीचं नंतर.

१. आमच्यात मारहाण नाही, व्यसन नाही, फक्त सारखी भांडणं होतात. एवढ्यासाठी समुपदेशकाकडे जायचं का?

हो, आणि खरं तर हीच वेळ बरी. पुष्कळ जोडपी इतक्या उशिरा येतात, की एकाचा निर्णय मनातल्या मनात होऊन गेलेला असतो. मग समुपदेशन उरतं ते फक्त 'आम्ही सगळं करून पाहिलं' असं घरच्यांना सांगण्यापुरतं.

भांडणं किती होतात यापेक्षा भांडणानंतर काय होतं ते पाहा. पगार कुणाच्या खात्यात, गावी किती पैसे पाठवायचे, गणपतीला कुणाकडे जायचं, हीच भांडणं वर्षानुवर्षं त्याच वाक्यांनी होत असतील, अबोला आठवडाभर टिकत असेल, तर तटस्थ तिसरा माणूस उपयोगी पडतो. भांडणंच थांबली असतील आणि घरात 'दूध संपलंय', 'लाइट बिल भरलं का' एवढंच बोलणं उरलं असेल, तर ते भांडणापेक्षाही काळजीचं आहे. आणि आवाज चढताच मुलं उठून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली असतील, तर एक महिनाही थांबू नका.

२. सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, मॅरेज काउन्सेलर... आमच्यासाठी यातलं नेमकं कोण?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. या चौघांत औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांनाच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार हे त्यांचं काम. काउन्सेलर किंवा समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एम.ए. झालेले असतात, किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेऊन कुटुंबांसोबत काम करत आलेले असतात. 'मॅरेज काउन्सेलर' हे कामाचं नाव आहे. वरच्यांपैकी कुणीही ते काम करत असू शकतं, आणि कुणी ते मुळीच शिकलेलं नसू शकतं.

विश्वास तुटलाय, सासर-माहेरचा ताण आहे, मूल हवं की नको यावर एकमत नाही, पैशावरून वाद आहेत, अशा वेळी जोडप्यांसोबत काम करायचं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट शोधा. पण जोडीदाराची दारू सुटत नसेल, आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा कुठलाही आधार नसताना बायकोवर किंवा नवऱ्यावर पाळत ठेवण्यापर्यंत संशय गेला असेल, तर पहिली भेट सायकियाट्रिस्टची. असा संशय हा आजार असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. नुसत्या समजावण्याने तो जात नाही. त्यात महिने वाया जातात आणि समोरच्याचे हाल होतात.

३. समुपदेशकाला सरकारी लायसन्स असतं का? डॉक्टरांसारखा नोंदणी क्रमांक मागता येतो का?

सगळ्यांना नसतो, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

मनोविकारतज्ज्ञांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी बंधनकारक आहे. त्यांच्याकडे सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, असतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो तपासता येतो. कुणी 'क्लिनिकल' हा शब्द लावत असेल आणि क्रमांक सांगायला टाळाटाळ करत असेल, तर तिथूनच परत फिरा.

नुसतं 'समुपदेशक' म्हणून काम करायला मात्र आजवर अशी सक्तीची नोंदणी नव्हती. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय क्षेत्रातले समाजकार्यकर्ते येतात. पण ही व्यवस्था राज्याराज्यांत बसायला वेळ लागतो आहे. त्यामुळे आरसीआय क्रमांक नाही म्हणून एखादा समुपदेशक अपात्र ठरत नाही, आणि पाटी लावली म्हणून पात्रही ठरत नाही. तपासायचं काम तुमच्यावर येतं. ते कसं करायचं, ते पुढच्या उत्तरात.

४. मग पात्रता तपासायची कशी? विचारलं तर त्यांना राग नाही का येणार?

ज्याला राग येतो त्याच्याकडे जाऊ नका. संसारातलं सगळ्यात नाजूक तुम्ही त्या माणसासमोर उघडं करणार आहात. तो कुठे शिकला हे विचारण्याचा तुम्हाला पुरता हक्क आहे. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांची सवय असते, आणि तो न अडखळता उत्तरं देतो.

फोनवरच विचारा. पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयात, कोणत्या विद्यापीठातून? ते नियमित होतं की दूरस्थ, आणि शिकताना प्रत्यक्ष माणसांसोबत देखरेखीखाली काम केलं का? जोडप्यांसोबतच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण कुणाकडे घेतलं? हा प्रश्न फार महत्त्वाचा. एकट्या माणसाशी उत्तम काम करणारे अनेक जण दोघं समोर बसली की गडबडतात, कारण तिथे ऐकायचं दोघांचं असतं आणि बाजू कुणाचीच घ्यायची नसते. त्यांना विचारा की त्यांच्याकडे येणाऱ्यांत जोडपी किती असतात.

नंतर विचारा, 'तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?' सुपरव्हिजन म्हणजे अधिक अनुभवी व्यावसायिकासमोर, नावं न सांगता, आपल्या कामाची नियमित तपासणी करून घेणं. वीस वर्षं काम केलेली माणसंही ते करतात. 'मला आता त्याची गरज नाही' हे उत्तर मला तरी धोक्याचं वाटतं.

शेवटी पद्धत विचारा. भावनांवर केंद्रित असलेली सू जॉन्सन यांची ईएफटी, जॉन आणि ज्युली गॉटमन यांची पद्धत, विवेकी विचारांवर भर देणारी अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, जी कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, अशी नावं कानावर येतील. कोणतं नाव घेतलं याला फारसं महत्त्व नाही. ती पद्धत तुमच्या बाबतीत कशी वापरणार, हे साध्या मराठीत सांगता येतं का ते पाहा.

५. पाटीवर नावाआधी 'डॉ.' आहे आणि खाली पाच-सहा सर्टिफिकेटं. मग तर बिनधास्त जावं ना?

आधी विचारा, डॉक्टरेट कशात? मानसशास्त्रातली पीएच.डी. ही खरी विद्वत्ता आहे, पण ती संशोधनाची पदवी आहे. तेवढ्याने माणूस उपचार करायला शिकतो असं नाही. होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाची पदवी असलेलेही 'डॉ.' लावतात आणि समुपदेशन करतात; त्यांनी समुपदेशनाचं शिक्षण वेगळं घेतलंय का, हे विचारायला हवं. 'मानद' डॉक्टरेट असेल तर ती देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती कुणालाही पाहता येते.

प्रमाणपत्रांचंही तसंच. पायाभूत पदवीवर घेतलेला प्रगत अभ्यासक्रम मोलाचा असतो, पण शनिवार-रविवारचं शिबिर हीच सगळी तयारी असेल तर तो माणूस लाइफ कोच असेल, समुपदेशक नाही.

६. शोधायला सुरुवात कुठून करायची? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो.

मुंबई-पुण्यात अडचण निवडीची असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'आयकॉल' या उपक्रमाने लोकांच्या शिफारशींवरून मानसिक आरोग्य व्यावसायिकांची देशभरातली यादी तयार केली आहे. तिथे शहर, भाषा आणि फी पाहता येते. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था अनेक वर्षं हे काम मराठीतून करते आहे. आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारायलाही लाजू नका. कोणाकडे पाठवलेली माणसं बरी होऊन आली, हे त्यांना ठाऊक असतं.

तालुक्याच्या गावी जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल', ही पहिली जागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशनाची सोय असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. नाव ऐकून घाबरू नका, तिथे रोज घरून येऊन घरी जाणारी माणसं असतात. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मनोविकार संस्था आहे. जवळच्या शहरातल्या समाजकार्य महाविद्यालयात चौकशी केली तर तिथले प्राध्यापक परिसरातल्या भरवशाच्या संस्था सांगतात. ही वाट फार कमी लोकांना सुचते.

आज रात्रीच कुणाशी तरी बोलायची गरज असेल तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जोडप्याचं दीर्घकाळचं काम फोनवर होणार नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळेल.

गावातल्या ओळखीच्या समुपदेशकाकडे शक्यतो जाऊ नका. तोच माणूस उद्या लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणार असेल, तर तुम्ही अर्धंच बोलाल. ऑनलाइनचा मार्ग प्रश्न १५ मध्ये आहे.

७. फी किती असते? मेडिक्लेममध्ये बसते का?

मुंबई-पुण्यात खासगी सत्राला साधारण एक ते तीन हजार रुपये पडतात, नावाजलेल्यांकडे जास्त. जोडप्याचं सत्र बहुधा तासापेक्षा मोठं, म्हणून महाग. उत्पन्न पाहून फी कमी करणारे बरेच जण आहेत, पण ते स्वतःहून सांगत नाहीत. 'आम्हाला एवढं परवडतं' असं सरळ म्हणा. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या नाममात्र शुल्कात काम होतं. कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशन मोफत असतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. पण नात्यातलं समुपदेशन हा आजारावरचा उपचार मानला जात नाही आणि ते रुग्णालयात दाखल न होता होतं, म्हणून क्लेम सहसा बसत नाही. मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर एचआरकडे चौकशी करा. कर्मचाऱ्यांना आणि जोडीदाराला काही सत्रं मोफत देणाऱ्या योजना असतात.

दहा-बारा सत्रांचं पॅकेज आगाऊ घ्यायला लावणाऱ्यांना पहिल्याच भेटीत पैसे देऊ नका.

८. पहिल्या भेटीत काय होतं? किती वेळा जावं लागेल?

पहिल्या भेटीत बहुतेक प्रश्नच असतात: लग्न कसं ठरलं, घरात कोण कोण, त्रास कधीपासून, दोघांना काय हवंय. नंतर अनेक समुपदेशक दोघांना एकेकदा वेगवेगळं भेटतात. यात लपवाछपवी नसते. समोर जोडीदार असताना जे बोलता येत नाही ते कळावं, विशेषतः घरात कुणी घाबरून राहतंय का, हे कळावं म्हणून ते करायचं असतं. फी, रद्द केलेल्या वेळेचे पैसे, गोपनीयता आणि तिचे अपवाद हे सगळं याच भेटीत स्पष्ट व्हायला हवं.

किती वेळा, याचं छापील उत्तर नाही. चार-पाच सत्रांनंतर निदान एवढं जाणवायला हवं की दोघांचंही म्हणणं इथे ऐकलं जातंय आणि घरी एखादं भांडण पूर्वीपेक्षा वेगळं गेलं. तसं काहीच नसेल तर समुपदेशकालाच विचारा, 'आपण कुठे चाललोय?' समुपदेशकाशीच पटत नसेल तर प्रश्न १७ पाहा.

९. नवरा म्हणतो, 'मला वेड लागलंय का? तुला जायचं तर जा.' मी एकटीने जाऊन उपयोग काय?

उपयोग आहे. तुमचं बोलणं बदललं, मर्यादा घालायला तुम्ही शिकलात, की घरातला परिपाठ हलतोच. कधी त्यातूनच नवरा उत्सुक होतो. त्याला नेण्यासाठी 'तुझ्यात दोष आहे' असं सुचवणारं काहीही बोलू नका. 'मला त्रास होतोय, तू एकदा आलास तर मला बरं वाटेल, पटलं नाही तर पुन्हा म्हणणार नाही' हे वाक्य पुष्कळ घरांत चालतं. समुपदेशक त्याच्या पसंतीचा निवडू द्या. काही पुरुषांना पुरुष समुपदेशकासमोर बोलणं सोपं जातं.

एक मात्र लक्षात ठेवा. तुम्ही एकट्याच जात असताना, नवऱ्याला कधीही न भेटता, 'तो नार्सिसिस्ट (टोकाचा आत्मकेंद्री) आहे, सोडून द्या' असं सांगणारा समुपदेशक आपल्या पेशाची मर्यादा ओलांडतो आहे. न पाहिलेल्या माणसाचं निदान कुणालाही करता येत नाही.

बायको यायला तयार नसेल, तर हेच सगळं पुरुषांनाही लागू.

१०. तो हात उचलतो, पण नंतर रडतो, माफी मागतो. दोघांनी मिळून समुपदेशनाला जावं का?

नाही. आत्ता नाही. संयुक्त समुपदेशनात दोघांनी मोकळं बोलायचं असतं, आणि जिथे एकाला दुसऱ्याची भीती आहे तिथे मोकळेपणाची किंमत घरी गेल्यावर चुकवावी लागते. शिवाय 'दोघांचंही थोडं थोडं चुकतं' ही संयुक्त समुपदेशनाची चौकट मारहाणीला लागू होत नाही. मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याची असते. हात उचलणं, कोंडून ठेवणं, पगार काढून घेणं, फोन तपासणं, माहेरी बोलू न देणं, जबरदस्तीचा संबंध, यातलं काहीही असेल तर आधी तुमची सुरक्षितता. त्याच्या रागावर किंवा दारूवर उपचार व्हायचे असतील तर ते त्याने वेगळे, एकट्याने घ्यावेत.

तातडीचं असेल तर ११२. महिलांसाठी मदतवाहिनी १८१. जिल्ह्यात 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत आणि समुपदेशन एका जागी मिळतं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे वकिलाशिवाय जाता येतं. अनेक पोलीस ठाण्यांत महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात हे काम सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर पोहोचलं. तिथे बसणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात, पोलीस नव्हे.

२००५ च्या कायद्याचे नियम पुष्कळ समुपदेशकांनाही माहीत नसतात, म्हणून इथे सांगते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी समुपदेशन सुचवलं, तरी त्यात हिंसेचं समर्थन करायची मुभा समोरच्याला नाही. 'तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं' ही चर्चाच तिथे व्हायची नाही. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं हा त्या समुपदेशनाचा हेतू आहे. कुणी 'थोडं ॲडजस्ट करा, मुलांकडे बघा' म्हणत असेल, मग तो खासगी असो वा सरकारी, तर तुम्ही उठून दुसरीकडे जाऊ शकता.

मार खाणाऱ्यांत पुरुषही असतात. २००५ च्या कायद्याचं संरक्षण त्यांना नाही, पण ११२ आहे, भारतीय न्याय संहिता आहे, आणि संयुक्त समुपदेशनाबद्दल वर म्हटलेलं सगळं त्यांनाही लागू आहे.

११. कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक आणि खासगी समुपदेशक यांत फरक काय? कोर्टातले लोक संसार जोडायलाच बघतात ना?

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे, जिथे शक्य असेल तिथे समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि त्यासाठी समुपदेशकांची तरतूद त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्रात पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. तिथले विवाह समुपदेशक बहुधा समाजकार्याचे पदवीधर असतात. त्यांच्याकडे प्रकरणं खूप आणि वेळ कमी. नातं मुळातून समजून घेणं तिथे अवघड असतं. समेटाची शक्यता आहे का, नसेल तर मुलांचा ताबा, भेटीच्या वेळा, पोटगी यावर तरी एकमत होतं का, हे पाहिलं जातं. सन्मानाने वेगळं होण्याचं काम तिथे चांगलं होऊ शकतं.

खासगी समुपदेशकाने तुमच्या वतीने 'संसार टिकवा' असं ठरवू नये आणि 'घटस्फोट घ्या' असंही सांगू नये. त्याने निर्णयापर्यंत सोबत करावी. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमधला सहा महिन्यांचा काळ योग्य परिस्थितीत माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. पण मुलं असतील तर तो काळ मुलांना कसं सांगायचं हे समुपदेशकासोबत ठरवायला वापरा, असं मी आग्रहाने सांगेन.

खटला नको पण मध्यस्थ हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीची मध्यस्थी होते. मदतवाहिनी १५१००.

१२. समुपदेशकासमोर बोललेलं उद्या घटस्फोटाच्या केसमध्ये माझ्याविरुद्ध वापरलं जाईल का?

कुणासमोर बोललात त्यावर अवलंबून आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकाला दिलेली माहिती महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे गोपनीय असते आणि त्याला साक्षीला बोलावता येत नाही. मध्यस्थीतलं बोलणंही गोपनीय राहावं, अशी तरतूद २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात आहे.

खासगी समुपदेशकावर गोपनीयतेचं नैतिक बंधन असतं, आणि मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचंही. पण न्यायालयाने आदेश दिला तर त्याला नोंदी द्याव्या लागू शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: नोंदी काय ठेवता, किती दिवस ठेवता, दोघांपैकी एकाने मागितल्या तर देता का? जोडप्याच्या नोंदी दोघांच्या संमतीशिवाय न देण्याचं धोरण असलेला समुपदेशक निवडा.

गोपनीयतेला आणखी दोन अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. पॉक्सो कायद्याने ती माहिती पोलिसांना देणं सगळ्यांवर बंधनकारक आहे.

१३. समुपदेशन घेतलं म्हणून सासरचे मला 'मानसिक रुग्ण' ठरवून घटस्फोट मागतील का?

ही भीती इतक्या बायकांनी लिहून पाठवली आहे, की उत्तर ठाम देते. समुपदेशन घेणं हे कसलंही निदान नाही. औषधं चालू असली तरी घाबरू नका. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट म्हणतो. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण नुसता आजार पुरत नाही. आजारी माणसासोबत राहणं जोडीदाराकडून अपेक्षिता येणार नाही इतकं आजाराचं स्वरूप गंभीर असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणातही हेच म्हटलं.

तुमची प्रिस्क्रिप्शनं आणि अहवाल मात्र तुमच्याच ताब्यात ठेवा.

१४. शरीरसंबंधांचीच अडचण आहे. हे समुपदेशकाला सांगायचं की डॉक्टरला?

दोघांना. लग्नाला वर्षं होऊनही संबंध न आलेली, वेदनेमुळे टाळणारी, शीघ्रपतनाने खचलेली जोडपी आपल्याकडे भरपूर आहेत, आणि बहुतेकांच्या अडचणीवर उपाय आहेत. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडून शारीरिक कारण तपासा. मधुमेह, थायरॉइड आणि काही औषधंही कारण असतात. मग लैंगिक समस्यांवर काम करणारा मनोविकारतज्ज्ञ किंवा सायकॉलॉजिस्ट. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात हे प्रश्न रोज येतात.

रेल्वेच्या भिंतींवर आणि रिक्षांवर 'गॅरंटी'ने इलाज सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. वशीकरण किंवा 'नवरा परत आणून देतो' म्हणणाऱ्या बुवांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

१५. ऑनलाइन चालेल का? आम्ही अमेरिकेत राहतो, पण मराठीतून बोलायचंय.

ऑनलाइन चांगलं चालतं, एका अटीवर: दोघांना बंद खोली हवी. वन बीएचकेत सासू-सासरे बाहेर बसलेले असताना ते होत नाही. काही जोडपी पार्किंगमध्ये, गाडीत बसून सत्र करतात, आणि तेही चालतं. मारहाण असेल तर ऑनलाइन संयुक्त सत्र अजिबात नको (प्रश्न १०).

अमेरिकेत परवाना राज्यानुसार असतो. 'लायसन्स्ड मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' ही तिथली स्वतंत्र, कायदेशीर पात्रता आहे. ब्रिटनमध्ये 'काउन्सेलर' हे नाव कायद्याने राखीव नाही, म्हणून व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व पाहावं लागतं. भारतातल्या समुपदेशकाशी मराठीतून बोलणं अनेकांना मोकळं करतं. सासूने काय म्हटलं आणि त्यात बोचरं काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही. पण त्याला तिकडचा परवाना नसतो. व्हिसा, मुलांचा ताबा, तातडीची मदत यासाठी तिकडचाच माणूस लागेल.

१६. आम्ही दोघी एकत्र राहतो. समुपदेशकाने 'हे बदलता येतं' म्हटलं तर?

लगेच बाहेर पडा. समलैंगिकता हा आजार नाही, आणि ती 'बरी' करण्याचा प्रयत्न करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. फोनवरच विचारा, 'क्विअर, म्हणजे समलिंगी वगैरे, जोडप्यांसोबत काम केलंय का, त्याचं प्रशिक्षण घेतलंय का?' मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांना असं प्रशिक्षण देते. घरच्यांचा दबाव, लपवून राहण्याचा ताण, कायदेशीर लग्नाचा मार्ग नसणं, हे सगळं समजणारा माणूस तुम्हाला हवा. लग्न न करता राहणाऱ्या स्त्री-पुरुष जोडप्यांनीही 'आधी लग्न करा' असा उपदेश ऐकून घ्यायची गरज नाही.

१७. समुपदेशक एकाचीच बाजू घेतो असं वाटतं. मध्येच बदलला तर चालेल का? आणि गैरवागणूक झाली तर?

चालेल. आधी त्यालाच सांगा. चांगला समुपदेशक ते मनावर घेतो आणि बऱ्याचदा तिथून काम सुधारतं. नाही सुधारलं तर बदला. एक वेगळी अडचण इथे येते. एकाने स्वतंत्र भेटीत विवाहबाह्य संबंधाची कबुली दिली आणि समुपदेशकाने ती दुसऱ्यापासून लपवली, की तो नकळत एकाच्या बाजूला जातो. म्हणून गुपितांबाबतचं धोरण सुरुवातीलाच ठरलेलं असावं. काही जण 'मी कुठलंच गुपित ठेवत नाही' म्हणतात, काही जण स्वतः सांगायला ठरावीक मुदत देतात. दोन्ही ठीक आहेत, दोघांना आधी माहीत असलं म्हणजे झालं.

गैरवागणुकीचं वेगळं. सलगी करणं, सत्राबाहेर भेटायला बोलावणं, पैसे उसने मागणं, तुमची हकिगत ओळख पटेल अशी व्हिडिओत सांगणं, यातलं काहीही झालं तर पुन्हा जाऊ नका, मेसेज आणि पावत्या जपून ठेवा. मनोविकारतज्ज्ञाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे होते. इतर समुपदेशकांबाबत, ते ज्या संस्थेत काम करतात तिथे लेखी तक्रार द्या. फी घेऊन दिलेली सेवा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, त्याची मदतवाहिनी १९१५. लैंगिक छळ असेल तर थेट पोलिसांत जा. तिथे आधी कुठल्याही संस्थेची परवानगी लागत नाही.